चार स्टार; पाचवा ‘४०, ४०, ४०, ४०’मुळे गेला

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की वाचणारे नावावरून भांडत बसतात आणि सांगायचं ते राहून जातं. नाशिकमधलंच आहे, चार मजली, लिफ्ट एकच, आणि स्ट्रेचर आलं की आपण जिन्याने. ज्याच्या घरात खरंच पेशंट असेल त्याने विचारावं, तोंडी सांगेन.

मी डॉक्टर नाही. आडगाव नाक्याच्या पुढे तीस वर्षं ट्रकचं वर्कशॉप चालवलं. आता पोरगा बघतो. मी सकाळी जातो, चहा पितो, त्याच्या दोन चुका काढतो आणि घरी येतो. द्राक्षाच्या हंगामात न्हावाशेव्याकडे निघालेल्या गाड्या रात्री माझ्या दारात उभ्या असायच्या आणि ड्रायव्हरचा एकच प्रश्न असायचा, “मिस्त्री, कसाऱ्यात उतरंल ना?” मी चाकं खोलून ब्रेकचे लायनर बघायचो, ड्रम बघायचो आणि म्हणायचो, आत्ता तरी ठीक आहे, घोटीला थांब, ड्रमला हात लाव, मला फोन कर. नवीन ड्रायव्हर चिडायचे. त्यांना ‘हो’ किंवा ‘नाही’ हवं असायचं. आमच्या मंडळींच्या, म्हणजे बायकोच्या, स्वादुपिंडाला सूज आली आणि या हॉस्पिटलात नऊ दिवस काढले तेव्हा पहिल्या रात्री मीही त्या नवीन ड्रायव्हरसारखाच चिडलो होतो.

संक्रांतीचा दिवस. गुळाच्या पोळ्या, वर तूप. मध्यरात्रीनंतर आमची मंडळी उठून बसली. बेंबीच्या वर कळ, ती आरपार पाठीत. पुढे वाकून बसलं की जरा बरं, आडवं झालं की असह्य. मी ओवा दिला, मग फ्रीजमधली गुलाबी औषधाची बाटली. तीन उलट्या झाल्यावर पोराने गाडी काढली. घराजवळच्या छोट्या दवाखान्यात आधी ईसीजी काढला, आणि बरं केलं. छप्पन वर्षांच्या बाईच्या वरच्या पोटातली कळ हार्टचीही असू शकते. ईसीजी नीट होता. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले, स्वादुपिंड गॅसमुळे दिसलंच नाही. दुपारी रक्ताचा रिपोर्ट आला. लायपेज, म्हणजे स्वादुपिंडातलं एक पाचक द्रव्य, ३,८६०. छापील मर्यादा ६०. तिथल्या डॉक्टरांनी कागद आमच्याकडे फिरवला. “साठ पटीच्या वर आहे. केस फार सिरीयस. आयसीयू, लगेच सीटी, एक लाख भरा.”

भाच्याच्या ओळखीने आम्ही संध्याकाळी पाचला इकडे आलो.

कॅज्युअल्टीत एक रजिस्ट्रार मॅडम होत्या, माझ्या सुनेच्या वयाच्या. त्यांनी तो ३,८६० वाला कागद पाहिला आणि बाजूला ठेवला. मला खटकलं. ज्या आकड्याने आमचे पाय लटपटले तो यांनी वहीच्या खाली सरकवला! मी तसं बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, “काका, हा आकडा एवढंच सांगतो की दुखणं स्वादुपिंडाचं आहे. तिपटीच्या वर गेला आणि पोटात अशी कळ असली की निदान झालं. पुढे तो तीनशे असो की तीन हजार, काकू किती आजारी पडणार ते त्यावरून कळत नाही.”

मग त्यांनी विचारलं, कळ नेमकी किती वाजता सुरू झाली. मी म्हणालो, दोन-तीनच्या सुमारास. मंडळी पडल्या पडल्या म्हणाल्या, “दोनला पाच कमी होते. यांच्या घोरण्याने मी जागीच होते.” मॅडमनी १.५५ असं लिहून घेतलं आणि त्याभोवती गोल केला. पुढचा सगळा हिशोब त्या गोलापासून होणार होता, ॲडमिशनपासून नव्हे. त्यानंतर त्यांनी घड्याळ काढून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. मशीन होतं, तरी मोजले. चोवीस. नाडी ११२. पांढऱ्या पेशी १५,२००. ताप नाही. हे चार आकडे त्यांच्या दृष्टीने लायपेजपेक्षा मोठे होते: नाडी नव्वदच्या वर, श्वास विसाच्या वर, पांढऱ्या पेशी बारा हजारांच्या वर. चारातले दोन बिघडले तरी समजायचं की आग फक्त स्वादुपिंडात राहिलेली नाही, सगळ्या अंगाने तिची दखल घेतली आहे. आमच्याकडे तीन होते.

इथवर मला वाटलं, म्हणजे पहिल्या दवाखान्याचं बरोबरच होतं की. पण त्या म्हणाल्या की हे आता असण्यापेक्षा परवा असणं वाईट. बऱ्याच जणांत ते पहिल्या दिवशी असतं आणि सलाईन लागलं की उतरतं. दोन दिवसांनंतरही टिकून राहिलं तर मात्र काळजी.

त्यांच्याकडे एक छापील कागद होता, पाच चौकोनांचा. बायसॅप म्हणतात त्याला, २००८ सालचा हिशोब आहे. रक्तातलं युरिया-नायट्रोजन २५ च्या वर आहे का, पेशंट शुद्धीत नीट बोलतो का, वर सांगितलेले ते अंगभर बिघाडाचे आकडे आहेत का, वय साठच्या वर आहे का, छातीच्या फोटोत फुप्फुसाबाहेर पाणी दिसतं का. प्रत्येकी एक गुण. तीन किंवा जास्त झाले तर धोक्याचा पेशंट धरायचा. आमचा एक झाला.

इथे एक गंमत झाली, तिने भाच्याचा रक्तदाब वाढवला. रिपोर्टवर होतं ब्लड युरिया ४१. भाचा पुण्याला कॉम्प्युटरमध्ये आहे, त्याने फोनवर मर्यादा शोधली, २५ सापडली, आणि तिथूनच ओरडला, “मामा, एक्केचाळीस आहे, डॉक्टर लपवतायत!” मॅडमनी त्याला फोनवर समजावलं. आपल्याकडच्या बऱ्याच लॅब आख्खं युरिया लिहून देतात. त्या हिशोबात लागतं युरियातलं नुसतं नायट्रोजन, त्यासाठी आकड्याला २.१४ ने भागायचं. ४१ चे १९ होतात. म्हणजे आपल्या कागदावर युरिया साधारण ५४ च्या वर गेलं तर ती २५ ची रेघ ओलांडली. रिपोर्ट वाचणाऱ्या नातेवाइकांनी एवढं एक लक्षात ठेवलं तरी डॉक्टरांचे पुष्कळ फोन वाचतील.

रात्री साडेनऊला पोटाचे मोठे डॉक्टर आले. पन्नाशीचे, बोलणं हळू. मी सरळ विचारलं, “साहेब, बिघडणार की नाही?”

“आज रात्री मला ते सांगता येणार नाही.”

मी म्हणालो, मग तुमची फी कशाची? बोललो आणि ओशाळलो, पण बोलून तर गेलो. त्यांनी खुर्ची ओढली. खरं सांगतो, तीस वर्षांत डॉक्टर खुर्ची ओढून बसलेला मी दुसऱ्यांदाच पाहिला. त्यांनी सांगितलं ते मला समजलं तसं लिहितो. या आजारात दहातले आठ जण आठवड्यात घरी जातात. उरलेल्यांत काहींचं स्वादुपिंड सडतं, भोवती पाणी साचतं, आणि त्यातल्या थोड्यांचं फुप्फुस, मूत्रपिंड किंवा रक्तदाब बसतो. तो बिघाड अठ्ठेचाळीस तासांत सावरला तर मधला प्रकार, त्यापुढे टिकला तर गंभीर. २०१२ च्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत ‘गंभीर’ची व्याख्याच अशी वेळ लावून केली आहे. मग पहिल्या रात्री ‘गंभीर’ असा शिक्का मारायचा कुणी?

आणि शिक्का आधी मारता यावा म्हणून पन्नास वर्षं खटपट चालली आहे. न्यूयॉर्कच्या रॅन्सन नावाच्या सर्जनने १९७४ मध्ये अकरा गोष्टींची यादी केली. पाच दाखल होताना मोजायच्या, सहा अठ्ठेचाळीस तासांत. मी मध्येच म्हणालो, म्हणजे घाट उतरून झाल्यावर सांगणार ब्रेक कसे होते? ते हसले, म्हणाले तीच तर तिच्यावरची टीका आहे. मग आयसीयूतल्या सगळ्याच पेशंटसाठी १९८५ चा एपॅची आला, बारा मोजमापं, वर वय आणि जुने आजार. अचूकपणात बरा, पण रात्रीच्या ड्युटीला भरायला किचकट. म्हणून हा पाच चौकोनांचा. यातला एकही पक्का नाही. कमी गुण आले तर पेशंट सहसा सुटतो, तिथे हे कागद कामाचे. जास्त आले तर बिघडेलच असं नाही. धोक्याचे म्हणून वेगळे काढलेल्यांतले पुष्कळ जण चालत घरी जातात. “म्हणून मी कागदाचं ऐकतो आणि दर सहा तासांनी पेशंटचंही ऐकतो.”

मंडळींना या सगळ्यातलं एकच लक्षात राहिलं. रॅन्सनच्या यादीत ५५ च्या वरचा तो वयस्क, त्यामुळे तिथे त्यांना एक गुण लागला. बायसॅपमध्ये रेघ साठला, तिथे त्या तरुणांत. “नवीनच बरोबर आहे,” म्हणाल्या. पोटात कळ असताना हे म्हणाल्या, तेव्हा मला पहिल्यांदा जरा धीर आला.

सीटी त्या रात्री केला नाही. ठाण्याचा मेव्हणा फोनवर फोन: “दाजी, सीटी का नाही? मशीन नाही का त्यांच्याकडे?” मशीन तळमजल्यावर होतं, मी रोज त्याच्यासमोरून चहाला जात होतो. कारण असं की स्वादुपिंडाचा भाग मेला असेल तर तो पहिल्या दोन-तीन दिवसांत सीटीत नीट दिसत नाही. लवकर काढलेला फोटो ‘सगळं ठीक’ म्हणतो आणि नातेवाईक पेढे वाटतात. निदानाचीच शंका असती तर काढला असता. ७२ तासांनंतर तब्येत सुधारत नसेल तर काढू, असं केसपेपरवर लिहिलं. शेवटपर्यंत काढावा लागला नाही. म्हणजे या हॉस्पिटलने आठ-दहा हजारांचं बिल हातचं सोडलं. पुनरावलोकनात हे लिहायलाच हवं.

अँटिबायोटिकही दिलं नाही. त्याचं कारण दोन वेळा विचारून घेतलं, कारण आपल्याला सवय अशी की सलाईनमध्ये दोन पिवळी इंजेक्शनं पडली की उपचार सुरू झाल्यासारखं वाटतं. जंतुसंसर्ग झालेला नसताना आधीच अँटिबायोटिक देऊन या आजारात फायदा होत नाही, एवढं त्यांनी सांगितलं. मी मान डोलावली. पटलं उशिरा.

आता एचडीयू, म्हणजे आयसीयू आणि साध्या वॉर्डच्या मधली खोली. चार खाटा, मध्ये पडदे, एका नातेवाइकाला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायची परवानगी. शेजारच्या खाटेवर निफाडकडचा एकतीस वर्षांचा तरुण, पिकअप चालवणारा, आमच्याच संध्याकाळी आलेला. स्वतः चालत आला. रात्री आठला तो फोनवर कुणाला तरी टोमॅटोचे भाव सांगत होता. त्याचं लायपेज होतं फक्त ४२०. त्याच्या बायकोने आमचा ३,८६० ऐकला आणि मंडळींकडे जे पाहिलं, त्यात दया होती. आम्हीही मनातल्या मनात हेच धरलं की याचं साधं आहे.

सिस्टरने त्याच्या रक्ताची नळी उजेडात धरली तर वर दुधासारखा थर. ट्रायग्लिसराइड २,९००. हजाराच्या वर गेलेली ती चरबीही स्वादुपिंड पेटवते, हे मला तोवर माहीत नव्हतं. मला वाटायचं खडे नाहीतर दारू. त्याचे पाच चौकोन असे भरले: युरिया ६८, म्हणजे भागून ३२ च्या आसपास, एक. नाडी १२६ आणि श्वास २८, एक. डाव्या फुप्फुसाखाली पाणी, एक. तीन. वय लहान, शुद्ध नीट. शिवाय वजन शंभराच्या पुढे, तेही त्याच्या विरोधात. त्याला पहिल्या रात्रीपासून तासातासाला बघत होते. आम्हाला वाटत होतं, याच्याकडे वशिला आहे.

गुरुवारी संध्याकाळी तो वाक्य पूर्ण करता करता थांबायला लागला. शुक्रवारी पहाटे त्याला आयसीयूत नेलं. नेताना धावपळ झाली नाही, खाट आधीच राखून ठेवली होती. मला या हॉस्पिटलातलं सगळ्यात जास्त काय आवडलं विचाराल तर ती राखून ठेवलेली खाट. तो बिघडेलच हे कुणाला ठाऊक नव्हतं, पण बिघडला तर कुठे न्यायचा हे बुधवारी रात्रीच ठरलेलं होतं.

सलाईनबद्दल. मंडळींचं वजन ६८ किलो. आरएल नावाच्या सलाईनची बाटली, ताशी साधारण शंभर मिली. मी रिकाम्या डोळ्यांनी थेंब मोजत बसायचो आणि वाटायचं हे फार हळू आहे. आजार असा आहे की नसांतलं पाणी झिरपून पोटात उतरतं. रेडिएटर गळतो, फक्त खाली रस्त्यावर डाग पडत नाही, पाणी गाडीच्या आतच सांडतं. रक्त दाट होतं. मंडळींचं हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, आल्यावर ४६ होतं, बाईमाणसाला ते जास्तच. मग भरा की पाणी जोरात! मॅडम म्हणाल्या, पूर्वी तसंच भरायचे. २०२२ मध्ये भारत, स्पेन, इटली आणि मेक्सिको या चार देशांतल्या पेशंटवर एक चाचणी झाली, एका गटाला भरपूर सलाईन, दुसऱ्याला बेताचं. भरपूर वाल्यांत आजार काही कमी बिघडला नाही, उलट अंगात पाणी जास्त होण्याचा त्रास दर शंभरात वीस जणांना झाला, बेताच्या गटात सहा जणांना. चाचणी मध्येच थांबवली. तेव्हापासून सुरुवातीला पेशंट सुकलेला असेल तर आधी थोडं जोरात, नंतर वजनाच्या किलोला ताशी दीड मिली, आणि लघवी बघत बघत कमी-जास्त. “लघवी बघत बघत” हे शब्द ध्यानात ठेवा, कारण माझा एक स्टार तिथे गेला.

गुरुवारची रात्र. मंडळींना कॅथेटर होतं, पिशवी खाटेच्या कडेला. दर तासाला आकडा चार्टवर लिहायचा. वजनाच्या किलोमागे ताशी अर्धा मिली तरी हवी, म्हणजे आमच्यासाठी ३४. रात्रपाळीला एक नवीन पोरगी होती, बाहेरून बोलावलेली, एकटीकडे चार खाटा. एक वाजता पिशवीत २५० होते. मी पाहिलं, कारण मला झोप नव्हती आणि बघायला दुसरं काही नव्हतं. पाच वाजता ३१०. चार तासांत ६०. मी चार्ट बघितला तर दोन, तीन, चार, पाच वाजताच्या रकान्यांत ४०, ४०, ४०, ४०. एकाच पेनाने, एकाच तिरक्या हाताने, एका दमात.

माझ्या वर्कशॉपला लॉगबुकं यायची. ड्रायव्हरने टायरमधली हवा रोज बघून लिहिली की शेवटच्या दिवशी ढाब्यावर बसून भरली, हे मला पान उलटताच कळायचं. खरे आकडे कधी इतके शहाण्यासारखे एका रांगेत बसत नाहीत. मी त्या पोरीला हळूच विचारलं, “सिस्टर, हे चाळीस कुठून आले?” तिचा चेहरा पडला. म्हणाली, “काका, त्या बाजूच्या पेशंटला सारखं बघत होते, इकडे राहून गेलं.” शेजारच्या खाटेवर त्या रात्री खरोखरच वादळ होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. तिच्यावर राग धरवत नव्हता. पण १६० लिहिलं आणि झाली ६०, आणि सकाळी डॉक्टर तो कागद बघून सलाईन तेवढंच ठेवणार!

मी रजिस्ट्रार मॅडमना उठवायला सांगितलं. त्या पाच मिनिटांत आल्या, केस विस्कटलेले. पिशवी पाहिली, कॅथेटर दुमडलंय का ते पाहिलं, पोट दाबून पाहिलं, नाडी आणि श्वास पुन्हा स्वतः मोजले. चारी आकड्यांवर रेघ मारली, बाजूला खरा आकडा, वेळ आणि सही. सलाईन वाढवलं. सातपर्यंत पिशवीत आणखी ९० आले, तेव्हा मी खाली जाऊन चहा घेतला. माफी त्यांनीच मागितली, त्या पोरीला पुढे केलं नाही. सकाळी मेट्रन येऊन माझ्याशी बोलल्या आणि पुढच्या रात्रीपासून चार खाटांना दोघी दिसल्या. एवढं सगळं नीट होऊनही स्टार मी परत दिलेला नाही. या आजारात कुणालाच आधी ठामपणे सांगता येत नाही, म्हणून तर मोजत राहायचं असतं. मोजणंच खोटं निघालं तर बायसॅप आणि रॅन्सन नुसते छापील कागद.

शुक्रवारी सकाळी, म्हणजे १.५५ च्या त्या गोलापासून अठ्ठेचाळीस तास उलटल्यावर, रक्त पुन्हा काढलं. सीआरपी, म्हणजे अंगातल्या सुजेचा आकडा, ११८. १५० च्या वर असतं तर काळजीचं. हिमॅटोक्रिट ४६ वरून ३९, युरिया ४१ वरून ३०, नाडी ८८, श्वास १८. मोठे डॉक्टर आले, कागद बघितला, मग मंडळींकडे बघितलं. “काय वाटतंय?” मंडळी म्हणाल्या, “भूक लागलीय.” ते म्हणाले, या उत्तराला कुठल्याच यादीत गुण नाही, पण मला सगळ्यात जास्त आवडतं. त्याच दुपारी मऊ भात आणि मुगाचं वरण. माझ्या सासूबाई गावाहून आल्या होत्या, त्यांचं म्हणणं आठ दिवस पाणीसुद्धा देऊ नका, त्यांच्या चुलत्याला तसंच ठेवलं होतं. पूर्वी ठेवायचे तसं. आता भूक लागली आणि उलटी नसली की देतात.

खड्यांचं ऑपरेशन त्याच मुक्कामात केलं, सातव्या दिवशी दुर्बिणीतून. आम्ही म्हणत होतो घरी जाऊ, द्राक्षाचा हंगाम आहे, पोरगा एकटा पडलाय, चैत्रात येऊ. त्यांनी सरळ सांगितलं की पित्ताशय तसंच ठेवून गेलात तर मधल्या काळात दुसरा झटका येऊ शकतो, आणि तो याच्याइतका गरीब असेल याची खात्री नाही. दुर्बिणीचं काम झकास. तिसऱ्या दिवशी घरी.

बिलाबद्दल मला चांगलंच लिहायचंय, जरी बिल चांगलं कुणालाच वाटत नाही. पहिल्या संध्याकाळी काउंटरवरच्या मुलाने एक आकडा दिलाच नाही. कागदावर तीन ओळी लिहिल्या. सगळं साधं गेलं आणि ऑपरेशन झालं तर १ लाख ३० ते १ लाख ६० हजार. आयसीयू लागलं तर त्यावर रोजचे एवढे. व्हेंटिलेटर किंवा पोटात नळी घालायची वेळ आली तर आज सांगता येत नाही, दोन दिवसांनी पुन्हा बोलू. मी तो कागद घडी करून खिशात ठेवला. शेवटी भरले १ लाख ५२ हजार ४००. आधीच्या दवाखान्यात एक लाख निव्वळ दारात घुसायचे मागितले होते, ते कशाचे हे अजून कळलेलं नाही.

बाकी बारीकसारीक. डिस्चार्ज सकाळी नऊला सांगितला आणि आम्ही बाहेर पडलो चारला. विम्यावाल्यांचा कागद येईना. त्यात हॉस्पिटलचा दोष किती, विमावाल्यांचा किती, कुणी सांगेना. औषधाच्या दुकानात छापील किमतीत एक रुपया कमी नाही. कॅन्टीनचे पोहे सकाळी आठनंतर गार. चहा चांगला. पार्किंगला समोरची जागा फक्त डॉक्टरांसाठी, तेव्हा मागच्या गल्लीत लावा, पण शाळा सुटायच्या वेळेला नाही. नातेवाइकांच्या झोपायच्या खोलीत डास इतके की मी दोन रात्री गाडीत झोपलो. नाशिकची जानेवारीतली थंडी आणि काच वर केलेली गाडी, सांगायला नको.

शेजारच्या तरुणाचं विचाराल म्हणून लिहितो. तो आयसीयूत पंधरा दिवस होता. व्हेंटिलेटरपर्यंत गेला आणि परत आला. पोटात पाण्याची गाठ झाली आहे. घाईने उघडायची नाही, तिच्याभोवती भिंत धरायला चारेक आठवडे तरी लागतात, मग गरज पडली तर रिकामी करू, असं सांगितलंय. त्याचा भाऊ मागच्या आठवड्यात पिकअप घेऊन वर्कशॉपला आला होता, क्लचप्लेटसाठी. मजुरी घेतली नाही.

हे सगळं लिहून मंडळींना वाचून दाखवलं. म्हणाल्या, “अहो, एवढं आकड्यांचं लिहिलंत, आणि त्या रात्रीच्या मावशींचं कुठाय? चौथ्या दिवशी त्यांनी माझे केस सोडून, तेल लावून वेणी घातली होती. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना.” त्यांच्या मते पाच स्टार. मी चारवर ठाम आहे. फोन माझा आहे, म्हणून चारच दिसतील.